इंजिन आडवं की उभं? येऊ घातलेली सुपर्ब आणि तिचे महागडे प्रतिस्पर्धी

मे 2020 मध्ये स्कोडा सुपर्ब भारतात नव्या रूपात आली, तेव्हा तिची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत होती 29.99 लाख रुपये. पुढच्या जानेवारीत ऑडी ए4 आली, ती 42.34 लाखांपासून. दोघींच्या बॉनेटखाली 1984 सीसीचं, एकाच घराण्यातलं टर्बो पेट्रोल इंजिन. दोघींची ताकद 190 पीएस, म्हणजे अश्वशक्ती, आणि दोघींचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, 320 न्यूटन-मीटर. गिअरबॉक्सही दोन्हीकडे सात गिअरचा, ड्युअल क्लचचा. एवढंच कशाला, दोघींची जुळणीही एकाच कारखान्यात व्हायची, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला. मग वरचे बारा लाख कशाचे?

बॉनेटवरच्या ऑडीच्या चार कड्यांचे, असं म्हणून बरेच जण मोकळे होतात. ते निम्मं खरं आहे. बाकीचं निम्मं दडलंय एका साध्या गोष्टीत: सुपर्बमध्ये ते इंजिन आडवं बसवलेलं होतं आणि ए4 मध्ये उभं. उभं म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने.

हे आता उकरून काढायचं कारण म्हणजे सुपर्बची चौथी पिढी. 2 नोव्हेंबर 2023 ला ती जगासमोर आली आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात स्कोडाने ती आपल्याकडेही मांडली. लांबी 4912 मिलिमीटर, डिकी 645 लिटरची. मागची काच डिकीच्या झाकणासकट वर उचलली जाते, त्यामुळे तिला काटेकोरपणे सेडान म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल, पण आपल्याकडे तिला सेडानच समजतात. पूर्वी तिचं भांडण टोयोटा कॅमरीशी होतं. पण 2024 मध्ये आधीच्या पिढीच्या 100 गाड्या तयार स्वरूपात आयात करून विकल्या गेल्या तेव्हा किंमत 54 लाखांवर गेली. म्हणजे कुटुंबाची गाडी चालत चालत थेट मर्सिडीज सी-क्लास आणि बीएमडब्ल्यू 3 सीरिजच्या अंगणात. अशा वेळी सगळीकडे तुलनेचे तक्ते निघतात: कुणाची अश्वशक्ती जास्त, कुणाचा स्क्रीन मोठा. त्या तक्त्यांत इंजिनाच्या दिशेचा रकाना क्वचितच असतो. माझ्या मते पहिला रकाना तोच हवा.

आधी इंजिन उभंच असायचं. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी आठवा, किंवा ॲम्बेसेडर. इंजिन पुढे, त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून एक लांब प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत. त्या शाफ्टसाठी फरशीला मधोमध बोगदा असायचा आणि मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याचे पाय त्याच्या दोन्ही बाजूंना. 1956 च्या सुएझ संकटानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली, छोट्या गाडीची निकड भासली आणि ॲलेक इसिगोनिस यांनी 1959 मध्ये मिनी आणली. जेमतेम दहा फूट लांबीची. त्यांनी इंजिन आडवं केलं आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली, तेलाच्या टाकीतच बसवला. इंजिन आणि गिअर एकाच तेलात. जागा वाचली, पण इंजिनाचं तेल गिअरचे दात दळत राहिले. त्यावरचा तोडगा फियाटचे दांते जाकोसा यांनी काढला: गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली नको, शेजारी ठेवा, एका रांगेत. त्यामुळे डिफरन्शियल, म्हणजे ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा संच, गाडीच्या मध्यावर येत नाही, म्हणून डाव्या-उजव्या चाकांकडे जाणारे दांडे असमान लांबीचे करावे लागतात. करू या, म्हणाले. फियाटने सावधगिरी म्हणून हा प्रयोग स्वतःच्या नावाने न करता 1964 मध्ये ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीवर केला आणि जमल्यावर 1969 मध्ये फियाट 128 काढली. आज जगभरातल्या बहुतेक हॅचबॅक आणि कौटुंबिक सेडान याच मांडणीवर उभ्या आहेत. आपल्याकडे 1983 ची मारुती 800 हीच मांडणी घेऊन आली. येणारी सुपर्बही त्याच वंशातली.

कोणत्या गाडीत इंजिन कसं आहे हे बॉनेट न उघडताही कळतं. गाडीच्या बाजूला उभे राहा आणि पुढच्या दाराची पुढची कड आणि पुढच्या चाकाची कमान यांच्यातलं अंतर बघा. सुपर्बमध्ये, कॅमरीत, होंडा सिटीत चाक दाराला जवळजवळ खेटून असतं. 3 सीरिज किंवा सी-क्लासमध्ये तिथे चांगली वीतभर तरी जास्त पत्र्याची पट्टी दिसते, चाक पुढे सरकलेलं असतं आणि नाक चाकापुढे लगेच संपतं. चित्रात ही गाडी ऐटदार का वाटते हे नेमकं सांगता येत नाही, पण डोळ्याला बहुधा तेवढ्या पट्टीनेच भुरळ घातलेली असते. ऑडी ए4 मात्र चकवते. तिचं इंजिन उभं खरं, पण ते पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं, त्यामुळे नाक लांब आणि जड. नुसतं उभं इंजिन म्हणजे समतोल, असा नियम नाही.

आता वजनाचा हिशोब. आडव्या इंजिनाच्या गाडीत साधारण 60 टक्के भार पुढच्या चाकांवर येतो, बीएमडब्ल्यूमध्ये तो जवळपास निम्मा-निम्मा असतो. दोन्ही गाड्या 1600 किलोच्या धरू. गाडी वेग घेते तेव्हा भार मागे सरकतो. किती? वजन गुणिले प्रवेग गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर. उंची 55 सेंटिमीटर, अंतर 2.84 मीटर आणि प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या 0.4 पट घेतला, तर सुमारे 124 किलो मागे सरकतात. म्हणजे पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत ओढणाऱ्या चाकांवरचा भार 960 वरून 836 किलोवर घसरतो. मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीत तो 800 वरून 924 वर चढतो. नेमक्या गरजेच्या क्षणी एकीच्या पायाखालची पकड कमी होते, दुसरीची वाढते. पावसाळ्यात घाटातल्या चढावर गाडी उभी करून पुन्हा काढताना पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, ती याच कारणाने.

पण फरक केवढा? जोरदार पिकअप घेतानाही शंभर किलोच्या आत-बाहेर. कोरड्या डांबरावर तो कुणाला जाणवणारही नाही. जाणवतं ते वळणावर. टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते: ओढण्यावर खर्च केली तेवढी वळण्यासाठी कमी उरते. सुपर्बमध्ये दोन्ही खर्च पुढच्याच दोन चाकांच्या माथी. वळणावर ॲक्सिलरेटर दाबला की नाक बाहेरच्या बाजूला जायला लागतं. 3 सीरिजमध्ये पुढची चाकं फक्त वळवतात, मागची फक्त ढकलतात, म्हणून तिचं स्टिअरिंग मोकळं आणि स्वच्छ लागतं. सी-क्लासच्या पुढच्या चाकांच्या मधे आडवं इंजिन नसतं आणि मागून ढकललं जाणारं मॉडेल असेल तर चाकांना जोडलेले दांडेही नसतात. त्यामुळे चाकं जास्त कोनात वळवायला जागा मिळते आणि यू-टर्न एका दमात होतो.

मला सगळ्यात रंजक वाटतो तो हादऱ्यांचा भाग. चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन जोडीने वर-खाली होतात, पण वरच्या अर्ध्या फेरीत त्यांचा वेग खालच्या अर्ध्या फेरीपेक्षा थोडा जास्त असतो. त्यातून क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दुप्पट गतीने उभा हादरा तयार होतो. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यावर उपाय सुचवला होता: उलट-सुलट दिशांनी, दुप्पट वेगाने फिरणारे दोन वजनदार दांडे. सुपर्ब आणि ऑडीच्या त्या इंजिनात असे दांडे आहेत, तेव्हा इथपर्यंत बरोबरी.

पुढे बरोबरी संपते. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून 320 न्यूटन-मीटरचा टॉर्क साधारण बारा पट करतात, म्हणजे चाकांवर 3840. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तेवढाच उलटा पीळ कुणीतरी सोसायला हवा. आडव्या मांडणीत इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हा एकच गठ्ठा, त्यामुळे सगळा पीळ त्या गठ्ठ्याच्या रबरी माउंटिंगवर येतो, ज्यांना गॅरेजवाले फाउंडेशन म्हणतात. शिवाय तो पीळ गठ्ठ्याला पुढे-मागे झुलवतो, म्हणजे नेमका प्रवाशाच्या मानेला झटका बसेल त्या दिशेने. बीएमडब्ल्यूत इंजिनाच्या माउंटिंगवर फक्त गिअरबॉक्सपर्यंतचा पीळ येतो, चार-पाच पटींचा, आणि तो गाडीला डावी-उजवीकडे कलंडवू पाहतो. डिफरन्शियलचा भार मागे वेगळ्या चौकटीवर. माउंटिंगला कमी सोसावं लागलं की रबर मऊ ठेवता येतं, आणि रबर मऊ असलं की इंजिनाची थरथर आत पोचत नाही. लक्झरी गाडीतला ‘मखमली’पणा काही प्रमाणात असा रबराच्या कडकपणातून येतो, सीटच्या चामड्यातून नव्हे. आडव्या मांडणीतही खाली एक छोटा दांडा टाकून, माउंटिंगमध्ये द्रव भरून हे अंतर खूप कमी केलं गेलंय. शून्य झालेलं नाही.

सस्पेन्शनचीही गोष्ट अशीच. आडव्या इंजिनाने पुढची रुंदी व्यापलेली असते, तिथे मॅकफर्सन स्ट्रट बसतो: शॉकअब्सॉर्बरचा दांडाच चाकाचा खांबही असतो. स्वस्त, सुटसुटीत. पण बाजूने जोर आला की तो दांडा नळीत घासतो आणि बारीक खडबडीत रस्त्यावर चाल थोडी अडखळती वाटते. सी-क्लास आणि ए4 मध्ये पुढेही अनेक दांड्यांची रचना आहे, तिथे शॉकअब्सॉर्बरला फक्त शॉक खायचं काम. आता गंमत बघा, 3 सीरिजमध्येही पुढे स्ट्रटच आहे आणि तिची चाल कुणी नावाजली नाही असं होत नाही. नव्या सुपर्बला वरच्या मॉडेल्समध्ये दोन व्हॉल्व्हचे डँपर, म्हणजे शॉकअब्सॉर्बर, मिळतात, दबण्याचा आणि उसळण्याचा विरोध वेगवेगळा बदलणारे. गाडीचं अंग सेकंदाला एक-दीड वेळा डोलतं, चाक दहा-बारा वेळा थरथरतं. ही दोन कामं वेगळी हाताळता आली तर सांगाड्यातली उणीव बरीच भरून निघते.

अश्वशक्तीच्या रकान्याबद्दल मात्र फार डोकं लावू नका. नव्या सुपर्बचा हवेच्या विरोधाचा गुणांक कंपनी 0.23 पर्यंत खाली सांगते. समोरचं क्षेत्रफळ 2.2 चौरस मीटर आणि वजन 1600 किलो धरून समृद्धी महामार्गावरच्या 120 किलोमीटरच्या मर्यादेला हिशोब केला, तर हवा कापायला सुमारे 15 आणि टायरच्या घर्षणासाठी 7, अशी एकूण 22 अश्वशक्ती लागते. सपाट रस्त्यावर बाकीची दीड-पावणेदोनशे नुसती बसून असते. 3 सीरिजच्या 330एलआय मॉडेलची 258 अश्वशक्ती ओव्हरटेकच्या त्या चार सेकंदांसाठीच.

उलट मागच्या सीटचा हिशोब रोजचा. बीएमडब्ल्यूने चाकांतलं अंतर 110 मिलिमीटरने ताणून 2961 केलेली 3 सीरिज भारतात आणली, तेव्हा कुठे मागे पाय पसरता आले. सुपर्ब 2841 मध्येच त्याहून ऐसपैस बैठक देते, कारण आडव्या इंजिनाने पुढे वाचवलेली जागा तिने मागे दिली. फरशीतला मधला उंचवटा मात्र तिच्यातही आहे, चारही चाकं फिरवणाऱ्या मॉडेलचा शाफ्ट आणि एक्झॉस्ट तिथून जातो म्हणून. स्वतः चालवायची असेल आणि घाटाची हौस असेल तर मी बीएमडब्ल्यूकडे वळेन. पुणे-नागपूर आईवडिलांना मागे बसवून न्यायचे असतील तर सुपर्ब, आणि त्यात मला काही कमीपणा वाटणार नाही.

आडवं-उभं हे भांडण विजेच्या गाड्यांनी एका फटक्यात निकालात काढलंय. मोटर आकाराने छोटी, ती मागच्या चाकांच्या मधे कुठेही मावते. मार्च 2024 मध्ये 41 लाखांपासून आपल्याकडे आलेली बीवायडी सील कौटुंबिक आकाराची सेडान आहे, पण मोटर मागे, ढकलणारी चाकं मागची, पिस्टनचा हादरा नाहीच. बीएमडब्ल्यूने जे दशकानुदशकं जपलं ते तिला आयतं मिळालं. पण फरशीखाली पसरलेल्या बॅटरीने फरशी वर आली. सेडानचं छप्पर खाली, फरशी वर, मग मागे बसणाऱ्याचे गुडघे उचलले जातात आणि मांड्यांना सीटचा आधार मिळत नाही. पोर्शने टायकानमध्ये मागच्या प्रवाशाच्या पायांखालचा बॅटरीचा भागच काढून तिथे खळगे ठेवले. त्यापायी काही सेल कमी झाले, म्हणजे पल्ला थोडा घटला. कुटुंबासाठी सेडान बनवणाऱ्यांपुढे आता हा सौदा आहे, आणि आईवडिलांना मागे बसवायचं असेल तर विजेच्या सेडानची चाचणी घेताना पहिली दहा मिनिटं मागच्या सीटवर काढा.