कर्नाटकातल्या गावची विहीर किंवा झरा भूजल निरीक्षणात यावा म्हणून अर्ज कसा करायचा?

भूजल किती खाली गेलं, हे सरकार ठरवतं ते निरीक्षण विहिरींच्या नोंदींवरून. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेतं: जानेवारी, पावसाळ्याआधी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. कर्नाटकच्या भूजल संचालनालयाच्या विहिरी आणि पिझोमीटर, म्हणजे केवळ मोजणीसाठी मारलेल्या बोअर, वेगळ्या. तुमच्या शिवारातलं एकही ठिकाण यात नसेल तर तुमची टंचाई दुसऱ्या गावाच्या आकड्यांत विरून जाते. म्हणून अर्ज करावा. आधी इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी संकेतस्थळावर जवळची विहीर कोणती आहे ते पाहून घ्या.

विहीर सार्वजनिक असेल तर उत्तम. खासगी असल्यास मालकाची लेखी संमती हवी. उन्हाळ्यात तळाला कोरडी पडणारी, गाळाने भरलेली, कालव्याला लागून असलेली किंवा दिवसभर मोटार चालणारी विहीर सुचवू नका. तिची पातळी भूजलाची खरी स्थिती दाखवत नाही.

अर्जाला वजन येतं ते स्वतः घेतलेल्या मोजणीने. सकाळी मोटार सुरू व्हायच्या आत टेप सोडा. कठड्यापासून पाणी ९.६० मीटरवर लागलं आणि कठडा ०.७५ मीटर उंच असेल, तर जमिनीपासून पातळी ८.८५ मीटर. कठड्यावर रंगाची खूण करा आणि दर महिन्याला तिथूनच मोजा. झऱ्याला बादली आणि घड्याळ पुरतं: १० लिटरची बादली २५ सेकंदांत भरली, तर धार मिनिटाला २४ लिटर. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबी-जांबोटीकडे, झऱ्यांची अशी वही प्रत्येक गावाने ठेवायलाच हवी. देशातली पहिली झरे गणनाही सातव्या लघु सिंचन गणनेसोबत हाती घेतली गेली आहे. आपला झरा तिच्यात आला का, ते पंचायतीत विचारा.

साधा लेखी अर्ज जिल्हा भूजल कार्यालयातल्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या नावे द्या. सोबत सर्व्हे नंबरचा उतारा (आरटीसी), मालकाचं संमतीपत्र, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, फोटो आणि नोंदींची प्रत जोडा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडलात तर मागणी एकट्याची राहत नाही, गावाची होते. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, विषय आधी सांगून ठेवा. झरा वनहद्दीत असेल, तर वनखात्याला विचारल्याशिवाय तिथे खोदकाम किंवा बांधकाम करू नका.

भाषेचं म्हणाल तर, घटनेच्या कलम ३५० प्रमाणे तक्रार-निवेदन मराठीतही देता येतं. तरी सोबत कन्नड प्रत जोडा, फाईल लवकर हलते. दोन्हींवर पोच घ्या.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार आहे. तो अर्ज मात्र कन्नड किंवा इंग्रजीत करा: एकच विषय, १५० शब्दांत, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पोचेची तारीख देऊन ‘निवेदनावर काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारा.