हरिपूरच्या पेवापासून संचालक मंडळाच्या जोखीम समितीपर्यंत

पावसाळ्यात सांगलीतल्या कुणाला फोन लावला की विचारपूस नंतर, आधी प्रश्न येतो तो ‘पाणी किती फुटांवर?’ हे फूट आयर्विन पुलापाशी मोजायचे. 40 ही इशारा पातळी आणि 45 ही धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आता कंपन्यांच्या आणि बँकांच्या वार्षिक अहवालांत ‘जोखीम व्यवस्थापन’ असं एक प्रकरण असतं. ते बहुतेक वेळा बाहेरून आलेलं वाटतं. सांगलीपुरतं तरी ते अर्धंच खरं आहे.

कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवं खणली जात. इथल्या मातीत खड्डा ढासळत नाही. आत उसाचा पाला, चटया अंथरायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. हवा आणि कीड दोन्ही बाहेर राहत असल्यानं माल वर्षानुवर्षं टिके. पेव उघडल्यावर मात्र कुणी लगेच आत उतरायचं नाही. आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची, कंदील सोडून तो पेटता राहतो का ते बघायचं आणि मगच हमाल उतरायचा. कागदावर न लिहिलेला, पण चुकला तर माणूस दगावेल असा हा नियम. धोका कुठं आहे, तो कशानं ओळखायचा आणि ओळखल्यावर काय करायचं, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या.

माल टिकला तरी भाव टिकेल याची हमी नव्हती. त्यावरचा उपाय म्हणजे वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच ठरवलेल्या भावानं. हळद घेऊन पेवात ठेवलेला व्यापारी पुढच्या महिन्यांचा वायदा विकून ठेवी. भाव पडला तर पेवातल्या मालात जे जाई, ते वायद्यात परत येई. 1952 च्या वायदा करार (नियमन) कायद्यानं या बाजारांना सरकारी चौकट दिली. सांगलीत स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंजमध्ये हळदीचे वायदे होत असत. 2004 मध्ये एनसीडीईएक्स या संगणकावर चालणाऱ्या शेतमालाच्या वायदे बाजारात हळद आली आणि सौदा पडद्यावर गेला. वायद्यात सट्टाही चालतो, हे झाकायचं कारण नाही. जोखीम टाळणारा आणि जोखीम विकत घेणारा, दोघांशिवाय तो बाजार भरतच नाही.

आज अहवालात दिसते ती भाषा मात्र लेखापरीक्षकांची आणि मानकांची. 1995 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं जोखीम मानक आलं, 2004 मध्ये अमेरिकेत कोसो या लेखा-संस्थांच्या समितीची चौकट आणि 2009 मध्ये आयएसओ 31000 हे आंतरराष्ट्रीय मानक. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं 1999 मध्येच बँकांना जोखीम व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वं दिली होती. तरीही शेजारच्या साताऱ्यात मुख्यालय असलेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर 2006 मध्ये व्यवहारबंदी लागली आणि पुढच्याच महिन्यात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. तत्त्वं होती, भांडवल उरलं नव्हतं. 2013 च्या कंपनी कायद्यानं संचालकांच्या अहवालात जोखीम धोरणाचा उल्लेख सक्तीचा केला. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं संचालक मंडळाच्या जोखीम समितीची अट आधी पहिल्या शंभर, मग पाचशे आणि 2021 मध्ये बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांपर्यंत नेली.

या सगळ्या कागदांची खरी परीक्षा सांगलीत पाण्यानं घेतली. 2005 च्या पुरात आयर्विनपाशी पाणी 53 फुटांच्या पुढं गेलं. हरिपूरच्या पेवांत ते शिरलं, हळद सडली आणि शेकडो वर्षांची ती पद्धत मोडकळीला आली. माल गोदामांकडं आणि कोल्ड स्टोअरेजकडं वळला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर चढलं. 2005 ची रेघ मोजून ज्यांनी माल तिच्यावर मांडून ठेवला होता, त्यांचाही भिजला. मागचा सगळ्यात मोठा पूर हाच शेवटचा मोठा पूर, असं धरून चालण्याची खोड मोठ्या कंपन्यांतही असते. तिथं तिला मॉडेल म्हणतात, एवढाच फरक. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा शहरात आलं.

कंपनीच्या जोखमींच्या रजिस्टरमध्ये ‘पूर : जोखीम उच्च’ एवढं लिहायला मिनिटही लागत नाही. पाणी 35 फुटांवर गेलं की सर्व्हर आणि हिशेबाची दप्तरं वर कोण नेणार, टेम्पो कुणाचा, किल्ली कुणाकडं, मालक गावात नसेल तर निर्णय कुणाचा, हे लिहायचं म्हटलं की बैठक लांबते. माझ्या मते काम सुरू होतं ते तिथंच. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आणि पुलाखालचं पाणी यांत काही तास मिळतात. ते तास हीच सांगलीची जमेची बाजू. भूकंप तेवढीही उसंत देत नाही.

विम्याचीही गोष्ट आहेच. आगीच्या ठरलेल्या पॉलिसीत वादळ-पुराचं संरक्षण धरलेलं असे, पण सुरुवातीलाच ते वगळून हप्ता थोडा कमी करून घेता येई. विमाक्षेत्रात त्याला ‘एसटीएफआय काढणं’ म्हणतात; वादळ, तुफान, पूर, जलप्रलय यांच्या इंग्रजी नावांची ती आद्याक्षरं. शिवाय मालाची किंमत कमी दाखवली तर क्लेमही त्याच प्रमाणात कापला जातो. एप्रिल 2021 पासून छोट्या उद्योगांसाठी आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची अशी तफावत माफ आहे.

सेबीची यादी हजारावर थांबते. मार्केट यार्डातला अडत्या, तासगावचा बेदाणा व्यापारी, एमआयडीसीतला फाउंड्रीवाला यांच्याकडं कुठलीच जोखीम समिती नसते. वर्षातून एकदा कॅश क्रेडिटच्या, म्हणजे धंद्याच्या खेळत्या कर्जाच्या, नूतनीकरणाला गेलं की बँकेचा अधिकारी विचारतो, पॉलिसी आणली का? तिच्यात पूर आहे की नाही, हे विचारलं जाईलच असं नाही.