पाय बसवलात, आता हृदयाचीही तपासणी करून घ्या

आमच्या जळगावच्या कार्यशाळेत कृत्रिम पायाचे माप द्यायला येणाऱ्यांना आम्ही आता शुगर आणि बिडी-तंबाखूबद्दलही विचारतो. पाय बनवणाऱ्यांना हे कशाला हवे, असे काहींना वाटते. त्यांच्यासाठी हे पत्रक.

शुगरमुळे किंवा बिडीने रक्तवाहिन्या बुजून ज्यांचा पाय गेला, त्यांनी हृदयाला धोका किती हे मोजत बसू नये. पायाच्या वाहिन्या ज्याने बुजल्या, त्याने हृदयाच्या वाहिन्याही सहसा सोडलेल्या नसतात. रक्त पातळ ठेवण्याची आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना विचारा आणि मनाने बंद करू नका.

थ्रेशरमध्ये किंवा रेल्वेखाली पाय गेलेले म्हणतात, "माले काय व्हई?" पण दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्यांत आणि दोन्ही पाय गेलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू जास्त आढळले. ते सगळे जखमेने अपंग झालेले, धडधाकट तरुण होते.

सगळ्यात जास्त फसगत वजनात होते. कृत्रिम पाय काढून वजन करा आणि गेलेल्या भागाचा हिशेब धरा. गुडघ्यापासून खालचा पाय शरीराच्या सुमारे ६ टक्के असतो, खुब्यापासूनचा १६ टक्के. समजा गुडघ्यापासून पाय नाही, उंची १६५ सेंटिमीटर आणि काट्यावर ६६ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४ येतो, म्हणजे लठ्ठपणा नाही असे वाटते. पण ६६ ला ०.९४ ने भागले की ७० किलो होतात आणि बीएमआय जवळपास २६. आपल्याकडे २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. दोन्ही पाय नसतील तर पूर्वीची उंची घ्या. कंबरेचे माप मात्र कुणालाही लागू पडते: पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० च्या आत हवे.

दुसरी अडचण अशी की तुम्ही जिने चढत नाही, भराभर चालत नाही, त्यामुळे छातीत दुखायची वेळच येत नाही. दुखत नाही म्हणजे हृदय चांगले, असे मानू नका. शुगर असेल तर दुखणे अनेकदा जाणवतही नाही. बसल्या जागी धाप लागणे, घाम फुटणे, जबडा किंवा हात भरून येणे, शेवभाजी खाल्ल्यावरची म्हणून सोडून दिलेली जळजळ हेसुद्धा हृदयाचे असू शकते. अशा वेळी १०८ ला फोन करा, मोटारसायकलवर निघू नका.

हृदयाच्या तपासणीसाठी ट्रेडमिलवर, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर, चालणे जमणार नसेल तर डॉक्टरांना तसे आधीच सांगा. हाताने पेडल फिरवून किंवा औषध देऊन इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) पाहण्याची तपासणी असते. बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तरी पाहा.

सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा उरलेला पाय बसतो तो भाग, अचानक घट्ट होऊ लागले आणि दुसऱ्या पायालाही सूज असेल, तर आमच्याकडे घासून घ्यायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. सॉकेट आम्ही नंतर करून देऊ.

कार्यशाळेत बसून वजन करता येईल असा काटा ठेवला आहे. पाय काढून वजन करा, हिशेब आम्ही कागदावर लिहून देतो. पैसे लागत नाहीत. तो कागद डॉक्टरांकडे न्या.