२०० ओळींचा प्रोग्राम, मग फाइल ४० एमबीची का?

आमच्याकडून छोटे प्रोग्राम करून घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

टॅलीतून काढलेली एक्सेल फाइल उघडायची, उधारी तारखेप्रमाणे लावायची आणि प्रत्येक पार्टीचं वेगळं शीट करून ठेवायचं. मार्केट यार्डातल्या एका आडतदारांसाठी आम्ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एवढंच काम केलं होतं. स्क्रिप्ट जेमतेम २०० ओळींची, म्हणजे १० केबीसुद्धा नाही. त्यांच्या हाती पडलेली एक्सई फाइल, म्हणजे डबल क्लिकने चालणारा तयार प्रोग्राम, मात्र ४० एमबीच्या वर. ते म्हणाले, "अहो, हा तर नाकापेक्षा मोती जड झाला!" चूक त्यांची नव्हती, आमची होती. तेव्हापासून हा प्रश्न जो विचारेल त्याला आम्ही हे पत्रक देतो.

स्क्रिप्ट आपली आपण चालत नाही. ती वाचून राबणारा इंटरप्रीटर लागतो आणि तो तुमच्या दुकानातल्या मशीनवर नसतो. नुसती पाककृती लिहून पाठवली तर स्वयंपाक कोण करणार? म्हणून आचारी, त्याची शेगडी आणि भांडी असं सगळं टेम्पोत भरून पाठवावं लागतं. 'कम्पाइल केली' असं आपण म्हणतो खरं, पण पायइन्स्टॉलरसारखी साधनं मुख्यतः हे टेम्पो भरण्याचंच काम करतात. पायथनचा प्रोग्राम कितीही किरकोळ असला तरी एका फाइलचे सात-आठ एमबी होतातच. ऑटोहॉटकी या दुसऱ्या, छोट्या स्क्रिप्ट भाषेचा आचारी मात्र सडाफटिंग आहे, सगळं मिळून एक एमबीच्या आसपास. नुसती बटणं दाबायची, एका खिडकीतला मजकूर दुसरीत भरायचा, असं काम असेल तर आम्ही पायथनच्या वाटेला जातच नाही.

मग उरलेले तीस-पस्तीस एमबी कुठून आले? एक्सेल वाचायला आम्ही पांडाज ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, घेतली होती. ती एकटी येत नाही, नमपायला घेऊन येते आणि नमपाय आपली गणिती लायब्ररी सोबत आणते. लाखो ओळींच्या हिशेबाला ही मंडळी उत्तमच. पण ५०० पानांची पंगत उठवणारा आचारी चार माणसांच्या जेवणाला बोलावला, तर त्याच्या हंड्याही दारात उतरणारच. तेच काम ओपनपायएक्सएल या लहान लायब्ररीवर केलं आणि फाइल १२ एमबीच्या आत आली. स्क्रिप्ट थोडी लांबली, तीसेक ओळींनी. तुम्हाला त्याने काय फरक पडतो?

दुसरी गळती आमच्याच मशीनवर होती. प्रोग्राम करणाऱ्याच्या कम्प्युटरवर शंभर लायब्रऱ्या पडलेल्या असतात. पायइन्स्टॉलर एका लायब्ररीमागून दुसरीचा माग काढतो आणि 'असली तर वापरू' अशा बेतानं लिहिलेल्या लायब्रऱ्याही उचलतो. म्हणून आता प्रत्येक कामासाठी आम्ही कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे पायथनचा वेगळा रिकामा कप्पा, उघडतो आणि लागेल तेवढंच त्यात घालतो. आकार कमी करण्याचा याहून सोपा उपाय आम्हाला माहीत नाही.

नको असलेली मॉड्यूल, म्हणजे कोडचे सुटे भाग, नावं घेऊन वगळताही येतात. तिथे मात्र हात आखडता ठेवतो. एकदा हौसेने एक मॉड्यूल काढलं. फाइल जेमतेम ३०० केबीने घटली. प्रोग्राम उघडला, चालला, सगळे खूश. त्या मॉड्यूलवर चालणारं वर्षअखेरीच्या रिपोर्टचं बटण गिऱ्हाइकाने पहिल्यांदा दाबलं ते ३१ मार्चच्या संध्याकाळी. पुढचं सांगत नाही.

आता यूपीएक्सविषयी, कारण इंटरनेटवर वाचून ते घेऊन येणारे बरेच भेटतात. हा फुकट मिळणारा पॅकर एक्सई आणि तिला लागणाऱ्या डीएलएल या जोडफाइली दाबून लहान करतो. ५० ते ७० टक्के आकार घटतो, असं त्याचे कर्ते सांगतात आणि साध्या एक्सईच्या बाबतीत ते खरंही आहे. पण पायइन्स्टॉलरची एकफाइली एक्सई आतून आधीच दाबलेली असते. पिळून वाळत घातलेला पंचा पुन्हा पिळला तर कितीसं पाणी निघणार? उलट फाइल बिघडायची भीती. तिच्यावर डिजिटल सही केलेली असेल, तर तीही बाद होते.

याहून मोठा ताप अँटिव्हायरसचा. व्हायरस लिहिणारेही आपला माल लपवायला असेच पॅकर वापरतात, म्हणून पॅक केलेली फाइल दिसली की अँटिव्हायरसच्या भुवया उंचावतात. चार एमबी वाचवायचे आणि तुमचा बिलाचा प्रोग्राम ऐन गर्दीत क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अँटिव्हायरसच्या कोठडीत, जायचा, असला सौदा आम्ही करत नाही. आमच्या फाइलींवर यूपीएक्स नसतो. तरीही कधीमधी अँटिव्हायरसची धोका सांगणारी लाल खिडकी येऊ शकते, कारण पायइन्स्टॉलर जो सुरुवातीचा तुकडा लावतो, तोच तुकडा वाईट माणसांच्या प्रोग्रामलाही लावलेला असतो. अशा वेळी अँटिव्हायरस बंद करू नका. खिडकीचा फोटो पाठवा, आम्ही फाइल अँटिव्हायरसच्या कंपनीकडे तपासायला देतो.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. 'एकच फाइल द्या, सुटसुटीत,' असं बहुतेक जण म्हणतात. ती एकच फाइल दर वेळी उघडताना काय करते, हे कुणी पाहत नाही. ती विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये स्वतःला पूर्ण उलगडते आणि मगच सुरू होते. जुन्या हार्ड डिस्कवर तेवढ्यात चहा होतो. प्रोग्राम नीट बंद केला तर उलगडलेला पसारा पुसला जातो, मध्येच वीज गेली तर तिथेच राहतो. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये संध्याकाळी मेन स्विच खाली ओढून घरी जायची पद्धत होती. कम्प्युटरही त्याच स्विचवर. 'डिस्क भरली' म्हणून बोलावणं आलं, तर टेम्पमध्ये 'एमईआय'ने सुरू होणाऱ्या फोल्डरांची रांग लागलेली. रोज संध्याकाळी एक, प्रत्येक शंभरेक एमबीचं. पन्नास दिवसांत ५ जीबी गेले.

म्हणून आता आम्ही शक्यतो फोल्डरच देतो. डिस्कवर तो एका फाइलपेक्षा मोठा दिसतो, पण पटकन उघडतो आणि मागे उष्टं ठेवत नाही. फाइल लहान म्हणजे प्रोग्राम हलका, असं समीकरण धरू नका. फोल्डरात एक्सईशेजारी 'इंटर्नल' नावाचा उपफोल्डर दिसेल. तो अडगळ नाही, आचाऱ्याची भांडी त्यातच आहेत. एकटी एक्सई ओढून डेस्कटॉपवर आणली तर प्रोग्राम चालणार नाही. तिच्यावर राइट क्लिक करून शॉर्टकट काढा आणि तो डेस्कटॉपवर ठेवा.

किरकोळ दोन गोष्टी. प्रोग्रामच्या आयकॉनसाठी फ्लेक्सवाल्याकडचा लोगो पाठवू नका, आम्हाला २५६ पिक्सेलचं चौकोनी चित्र पुरतं. न दाबलेलं तेवढं चित्रही आयकॉनमध्ये २५६ केबी खातं, पीएनजी केलं की बरंच कमी. आणि मराठी अक्षरांसाठी फॉन्ट भरायची गरज सहसा नसते, कारण विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा मराठी दाखवणारा फॉन्ट मशीनवरच असतो.

मेलने पाठवा, असा आग्रह धरू नका. जीमेल २५ एमबीच्या वरची जोडणी घेत नाही हे खरं, पण एक्सई ती कितीही लहान असली तरी अडवते, झिपमध्ये घातली तरी. आम्ही ड्राइव्हची लिंक देतो किंवा पेनड्राइव्ह घेऊन येतो.

आमच्याकडून पूर्वी घेतलेली मोठी एकफाइली एक्सई अजून वापरत असाल, तर कळवा. नव्याने बांधून देऊ, त्याचे पैसे नाहीत. येताना मशीनवर कोणतं विंडोज आहे आणि ते ३२ बिटचं आहे की ६४, तेवढं बघून या. विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ च्या पुढे आम्हाला जाता येत नाही आणि ते काम वेगळं बांधावं लागतं.