मिलोची भाकर कुठून आली?

सत्तरी ओलांडलेल्या कुणाही खानदेशी माणसाकडे 'मिलो'चा विषय काढून बघा. रेशनच्या दुकानातली लालसर अमेरिकी ज्वारी. कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्यांच्या गळ्याखाली ती उतरत नसे. 'तिकडं ही गुरांना घालतात,' असं तेव्हा बोललं जायचं, आणि ते खरंच होतं.

अमेरिकेत १९३३ पासून सरकार शेतकऱ्याला भावाची हमी देत होतं. हमी होती म्हणून पीक वाढत गेलं आणि न खपलेला माल सरकारी गोदामांत साचला. बाजारात ओतावा तर भाव कोसळणार, ठेवावा तर साठवणीचा खर्च. १९५४ मध्ये तोडगा निघाला: सार्वजनिक कायदा ४८०, म्हणजे आपला 'पीएल-४८०'. धान्य परदेशाला द्यायचं, किंमत त्यांच्याच चलनात घ्यायची. त्याच वर्षी दुसऱ्या एका कायद्याने असा निदान निम्मा माल अमेरिकी जहाजांतूनच जावा असं ठरवलं. शेतकऱ्याबरोबर जहाजवाल्याचीही सोय झाली.

भारताने पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये केला. त्यात गहू-तांदळाबरोबर कापूस होता, तंबाखूही होती. अन्नाच्या मदतीत तंबाखू! ही यादी कुणाचं गोदाम बघून लिहिली होती, हे पिढ्यान् पिढ्या कापूस लावणाऱ्या जळगाव-धुळ्याला समजावून सांगायला नको.

मग १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन दुष्काळ. १९६६ मध्ये बाहेरून सुमारे १ कोटी टन धान्य आलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन मोठा करार न करता थोडं थोडं धान्य सोडत. भारताने शेतीधोरण बदलावं हा एक आग्रह, आणि अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावर भारत करत असलेली टीका हे दुसरं दुखणं. त्यांचा पहिला मुद्दा चुकीचा नव्हता, असं मला वाटतं. पण उपाशी माणसाला तो असा पटवायचा नसतो.

(गाजरगवतही त्याच गव्हातून आलं, असं आपल्याकडे बांधाबांधावर सांगतात.)

१९७१ च्या अखेरीस भारताने हे धान्य घेणं थांबवलं. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकी गहू प्रचंड प्रमाणात उचलला, कोठारं उतरली, भाव भडकले आणि जगभरची धान्यमदतही आटली. गरज वाढली नेमकी तेव्हाच. बहात्तरचा दुष्काळ त्याच वेळचा. त्या दुष्काळात परदेशातून आलेलं बरंचसं धान्य, त्यात मिलोही, सरकारने रोख पैसे मोजून आणलं होतं. आमच्याकडे मात्र आजही त्याला 'अमेरिकेनं फुकट दिलेली ज्वारी' म्हणतात.