म्यूनिक मेळा-संकुल : पर्यावरणनिष्ठ व्यवस्था

जर्मनीतील बव्हेरिया राज्याची राजधानी म्यूनिक हिच्या पूर्व सीमेवर, रीम येथील जुन्या विमानतळाच्या जागी उभारलेले व्यापारमेळा-संकुल. फेब्रुवारी १९९८ मध्ये ते सुरू झाले. दालनांचे एकूण क्षेत्र सु. २ लाख चौ. मी. असून त्याला लागून ४ लाख चौ. मीटरहून मोठे उघडे मैदान आहे. हे संकुल चालविणाऱ्या कंपनीत बव्हेरिया राज्य आणि म्यूनिक नगर यांचे भाग जवळजवळ समसमान आहेत. छतावरील सौर विद्युत्‌संच, भूगर्भातील उष्ण पाण्यावर चालणारे तापन आणि दारापर्यंत आलेली भुयारी रेल्वे यांमुळे मोठ्या प्रदर्शनस्थळांच्या पर्यावरणनिष्ठ व्यवस्थेची चर्चा बहुधा याच संकुलापासून सुरू होते.

रीमचा विमानतळ १९३९ मध्ये सुरू झाला व मे १९९२ मध्ये नवा विमानतळ सुरू होताच बंद झाला. शहराच्या मध्यभागातील टेरेसियनह्योहे येथील जुने मेळास्थळ तोपर्यंत अपुरे पडू लागले होते. रिकामी झालेली सु. ५६० हेक्टर जागा उद्योग-व्यवसाय, घरे आणि हिरवे क्षेत्र यांत ढोबळमानाने तीन भागांत विभागण्यात आली. धावपट्ट्या तोडून निघालेले काँक्रीट दूर नेऊन टाकण्याऐवजी बरेचसे तेथील बांधकामातच वापरले गेले. २००५ चे राष्ट्रीय उद्यान-प्रदर्शन याच परिसरातील रीमर उद्यानात भरले. शेतजमीन न घेता, एकदा वापरून झालेल्या जमिनीवरच संकुल बांधणे हा या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत परिणामकारक निर्णय मानावा लागेल, तरी बहुतेक वर्णनांत तो एका वाक्यात संपतो. भुयारी रेल्वेचा यू-२ मार्ग मे १९९९ मध्ये येथवर वाढविला गेला, म्हणजे पहिले वर्ष संकुल त्याविना चालले. संकुलाच्या पश्चिम व पूर्व टोकांना त्याचे एकेक स्थानक आहे.

सौर विद्युत्‌संच : नोव्हेंबर १९९७ मध्ये, संकुलाच्या उद्घाटनाआधीच, दालनांच्या छतांवर सु. १ मेगावॉट क्षमतेचा प्रकाशविद्युत् संच कार्यान्वित झाला. त्यात सु. १३० वॉटची सु. ७,८०० सौरपट्टे होती. पट्टांपासून मिळणारा एकदिश प्रवाह मोठ्या प्रतीपकांतून (इन्व्हर्टर) प्रत्यावर्ती करून शहराच्या वीजजालात सोडला जाई. सकाळी ऊन कोवळे असताना एकच प्रतीपक चालू राही व ऊन वाढेल तसे इतर प्रतीपक त्याच्या साथीला येत, कारण अर्धवट भारावर प्रतीपकाची कार्यक्षमता घटते. म्यूनिकच्या अक्षवृत्तावर अशा संचातून वर्षाला सु. १० लाख युनिट वीज मिळू शकते. २००२ च्या सुमारास संचाचा विस्तार होऊन क्षमता दुपटीच्या आसपास गेली.

‘छतावरील जगातील सर्वांत मोठा सौरसंच’ असा या संचाचा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो. १९९७–९८ पुरता तो सामान्यतः मान्य आहे. पुढच्या काळाविषयी मतभेद आहेत. जर्मनीतीलच हेर्न येथील माँ-सेनी प्रबोधिनीच्या इमारतीत १९९९ मध्ये सु. १ मेगावॉटचा संच बसला. तेथे मात्र सौरपट्ट छतावर ठेवलेले नसून तेच छताचे व भिंतीचे आवरण आहेत. त्यामुळे काही लेखक त्याला निराळ्या वर्गात घालतात. २००२ मध्ये नेदरलँड्समधील फ्लोरिआडे या उद्यान-प्रदर्शनाच्या दालनावर सु. २.३ मेगावॉटचा संच आला. म्यूनिकचे दोन टप्पे एकत्र मोजावेत की वेगळे, यावर तेव्हाचा क्रम ठरतो. दोन्ही टप्पे वेगळ्या वेळी आणि वेगळ्या भांडवलातून उभे राहिलेले असल्याने ते वेगळे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

या क्रमवारीपेक्षा हिशेबाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. छत मेळा-कंपनीचे असले, तरी संचाची मालकी वेगळ्या कंपनीकडे होती आणि वीज सार्वजनिक जालात जात होती. २००० च्या जर्मन नवीकरणीय ऊर्जा कायद्याने अशा विजेला निश्चित दर दिला, त्यामुळे ती जालाला विकणेच फायद्याचे ठरले. ‘मेळा सौर विजेवर चालतो’ हे विधान म्हणूनच काटेकोर नाही : संकुलाच्या जागेवर वीज निर्माण होते, पण तिचे पर्यावरणीय श्रेय वीजजालातील सर्व ग्राहकांत वाटले जाते. एकाच युनिटाचे श्रेय जालाने घ्यावे आणि मेळ्यानेही घ्यावे, ही दुहेरी नोंद टाळणे हा पर्यावरणीय लेखापरीक्षणाचा पहिला नियम आहे.

भूऔष्णिक तापन : डॅन्यूब नदीपासून आल्प्सच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या मोलास खोऱ्यात उत्तर जुरासिक काळातील चुनखडकाचा थर आहे. जर्मन भूशास्त्रात त्याला माल्म म्हणतात. भेगा व विवरे यांमुळे हा थर पाणी धरून ठेवतो आणि दक्षिणेकडे उतरत गेल्याने आल्प्सकडे जाताना तो अधिक खोल व अधिक उष्ण होतो. रीमखाली तो अडीच ते तीन किमी. खोलीवर सापडतो. म्यूनिकच्या नगर-सेवा संस्थेने तेथे दोन विंधनविहिरी घेतल्या व २००४ पासून उष्णता पुरविण्यास सुरुवात केली. एका विहिरीतून ९० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाचे पाणी वर येते, उष्णता-विनिमयकात आपली उष्णता वेगळ्या नळजालातील पाण्याला देते आणि थंड होऊन दुसऱ्या विहिरीतून त्याच थरात परत जाते. भूजल व नळांतील पाणी एकमेकांत मिसळत नाही. पाणी परत सोडल्याने थरातील दाब टिकतो. दोन्ही विहिरींची तळाकडील टोके मात्र एकमेकींपासून पुरेशी दूर असावी लागतात, नाहीतर थंड पाणी काही वर्षांत उष्ण विहिरीपर्यंत पोहोचते आणि संच निकामी होऊ लागतो. पाण्यात क्षारांचे प्रमाण कमी असल्याने नळांत साका धरण्याचा त्रास इतर अनेक भूऔष्णिक क्षेत्रांच्या मानाने सौम्य आहे.

ही उष्णता मेळ्याची दालने आणि शेजारची वसाहत यांना मिळते. कडाक्याच्या थंडीतील वाढीव मागणी पूरक बॉयलर भागवितात. वसाहत आणि मेळा एका जालावर असण्याला तांत्रिक कारण आहे. मेळ्याची मागणी चार-सहा दिवस अतिशय वाढते व नंतर आठवडाभर जवळजवळ शून्यावर येते. भूऔष्णिक संच असा उघडझाप करून चालविणे परवडत नाही. घरांची मागणी संथ व सलग असल्याने संचाला स्थिर भार मिळतो. एकट्या प्रदर्शनस्थळासाठी असा खर्च समर्थनीय ठरला असता, असे वाटत नाही. नगर-सेवा संस्थेचे पुढचे भूऔष्णिक प्रकल्प रीमच्या अनुभवावरच उभे राहिले. शहराचे सारे जिल्हा-तापन (एका केंद्रातून नळांद्वारे अनेक इमारतींना उष्णता पुरविण्याची व्यवस्था) २०४० पर्यंत कार्बनमुक्त करण्याचे उद्दिष्ट तिने जाहीर केले आहे.

पूर्वसूरी : मोठ्या मेळास्थळांतील पर्यावरणनिष्ठ रचनेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. एक मत म्यूनिकच्या बाजूने आहे. दुसरे मत जर्मनीतीलच हानोव्हर शहराच्या मेळास्थळातील २६ क्रमांकाच्या दालनाला (१९९६) अग्रमान देते. वास्तुविशारद थॉमस हेर्त्सोग यांनी आखलेल्या या दालनाचे छत तीन झोळांत लोंबते. बाहेरची हवा डोक्याच्या बऱ्याच वर बसविलेल्या पारदर्शक वाहिन्यांतून आत येते, माणसे व दिवे यांच्या उष्णतेने तापून वर चढते आणि छताच्या उंच कडांतील झडपांतून निघून जाते. यांत्रिक वायुवीजनाचे काम त्यामुळे बरेच कमी होते. त्याच शहरातील २००० च्या जागतिक प्रदर्शनासाठी १९९२ मध्ये तयार झालेली ‘हानोव्हर तत्त्वे’ आणखी मागे जातात, परंतु ती आराखडाकारांसाठीची मार्गदर्शक विधाने आहेत; त्यांना व्यवस्था म्हणता येत नाही. इमारतीच्या रचनेपुरते हानोव्हरला आणि जमीन, वाहतूक व ऊर्जा यांचा एकत्र विचार करण्यात म्यूनिकला प्राधान्य देणे योग्य ठरेल.

तात्पुरते बांधकाम व वाहतूक : दालन कायमचे असते, पण मेळा दोन-चार दिवसांत उभारला व मोडला जातो. प्लायवूड व एमडीएफचे (लाकडी तंतू दाबून केलेल्या फळ्यांचे) खास बनविलेले स्टॉल, छापील विनाइल आणि एकदाच अंथरली जाणारी पॉलिप्रॉपिलीनची कारपेट यांचा कचरा अखेरच्या दिवशी काही तासांत निर्माण होतो. रात्रीतून दालन रिकामे करायचे असल्याने वर्गीकरणाला तेव्हाच सर्वांत कमी वेळ मिळतो. ॲल्युमिनियमच्या खांब-पट्ट्यांचे पुन्हा जोडता येणारे स्टॉल (भारतात ते ऑक्टोनॉर्म या नावाने परिचित आहेत), फक्त मार्गिकांपुरती कारपेट आणि कचऱ्यासाठी स्टॉलधारकाकडून वजनानुसार किंवा आकारमानानुसार शुल्क हे उपाय सर्वत्र आढळतात. उभारणीच्या दिवसांत मालमोटारींसाठी दालनांची दारे तासन्‌तास उघडी राहतात आणि साठलेली उष्णता निघून जाते. मालमोटारींना आगाऊ वेळ नेमून देण्याची पद्धत म्हणून तापनाच्या दृष्टीनेही उपयोगी पडते. सार्वजनिक कार्यक्रमांत नगराच्या जागेवर एकदाच वापरायच्या ताट-पेल्यांना म्यूनिकने १९९१ मध्येच बंदी घातली होती.

मानके : कार्यक्रमांच्या शाश्वत व्यवस्थापनाचे बीएस ८९०१ हे ब्रिटिश मानक २००७ मध्ये आले. लंडन ऑलिंपिकच्या वर्षी, २०१२ मध्ये, त्याची जागा आयएसओ २०१२१ या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली आणि २०२४ मध्ये ते सुधारण्यात आले. हे मानक उत्सर्जनाची मर्यादा ठरवून देत नाही, केवळ व्यवस्थापनाची रीत तपासते. प्रमाणपत्र वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत ‘नेट झिरो कार्बन इव्हेंट्स’ हा उपक्रम जाहीर झाला. त्यात सहभागी संस्थांनी २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे आणि २०३० पर्यंत उत्सर्जन निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले आहे. आंतरराष्ट्रीय मेळ्यांच्या उत्सर्जनात सहसा सर्वांत मोठा वाटा अभ्यागतांच्या, विशेषतः विमानाच्या, प्रवासाचा असतो व तो संकुलाच्या हिशेबात येत नाही. छतावरील सौरपट्टांची गणना जितक्या तत्परतेने होते तितकीच या प्रवासाचीही व्हायला हवी.

भारताशी संबंध : म्यूनिकमध्ये १९६६ पासून भरणाऱ्या इफाट या पाणी व कचरा-तंत्रज्ञानाच्या मेळ्याची भारतीय आवृत्ती २०१३ मध्ये मुंबईत सुरू झाली व ती गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात भरत आली आहे. मुंबईत तापनाची गरज नाही. तेथे खरा खर्च वातानुकूलनाचा आहे, म्हणून रीमची भूऔष्णिक रीत येथे गैरलागू ठरते. कचऱ्याबाबत मात्र येथील नियम बरेच स्पष्ट आहेत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्या व थर्माकोलची एकदाच वापरायची भांडी बंद केली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्माकोल आणि १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलकांवर बंदी आणली, तिचा थेट परिणाम स्टॉलच्या सजावटीवर झाला. २०१६ च्या घनकचरा नियमांत शंभरांहून अधिक लोकांच्या कार्यक्रमाची तीन कामकाजी दिवस आधी स्थानिक संस्थेला सूचना देण्याची व जागीच वर्गीकरण करण्याची अट होती, परंतु सूचनेची ती अट परवाना नसलेल्या जागांपुरती होती. कायम परवाना असलेल्या मोठ्या प्रदर्शन केंद्रांना मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणाऱ्या संस्थांसाठीच्या वेगळ्या तरतुदी लागू होत.