इतकी वर्गणी भरतो, त्याचं मिळतं काय?

वर्गणीचं स्मरणपत्र गेलं की दोन-चार दिवसांत व्यावसायिक संस्थेच्या, म्हणजे अभियंते, हिशेबनीस अशा एकाच व्यवसायातल्या लोकांच्या संस्थेच्या, कार्यालयातले फोन वाजायला लागतात. कुणाची पत्रिका अजून जुन्याच पत्त्यावर जातेय, कुणाचे प्रशिक्षणाचे तास खात्यावर चढलेले नाहीत, आणि हमखास एक जण विचारतो, “इतके पैसे भरतो, त्याचं आम्हाला मिळतं काय?” फोन घेणारा बिचारा ग्रंथालय, चर्चासत्रं, विम्यातली सवलत अशी यादी वाचतो. प्रश्नकर्त्याचं समाधान होत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. ज्या संस्थेला तो आज जाब विचारतोय, तीच उद्या त्याच्याविरुद्ध तक्रार आली तर त्याला जाब विचारणार असते. एकाच कार्यालयात सभासदांचं मंडळ, परीक्षा विभाग आणि शिस्तपालन समिती कशी नांदायला लागली, याची गोष्ट दोनशे वर्षांची आहे.

वैद्यांच्या संस्था त्याहून कितीतरी जुन्या. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची स्थापना १५१८ची. पण आज आपण ज्या घडणीची संस्था पाहतो तिचं मूळ शोधायचं तर २ जानेवारी १८१८ या दिवशी लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या केंडल कॉफी हाउसमध्ये डोकवावं. तिथे हेन्री रॉबिन्सन पामर आणि त्याच्यासारखेच काही तरुण अभियंते जमले होते. कालवे, पूल, रस्ते बांधायला शिकवणारं धड विद्यालय इंग्लंडात नव्हतं. ज्याच्या हाताखाली उमेदवारी केली त्याला जेवढं येतं तेवढंच आपल्याला येणार, ही त्यांची अडचण. मग एकमेकांकडूनच शिकू, म्हणून त्यांनी इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स काढली.

दोन वर्षं ती रडतखडत चालली. बडी मंडळी फिरकली नाहीत. अखेर १८२०मध्ये पोरांनी टॉमस टेलफर्डला गळ घातली आणि तो पहिला अध्यक्ष झाला. मेंढपाळाचा मुलगा, पाथरवटाचं काम करत वर आलेला हा माणूस तेव्हा देशातल्या सर्वांत नावाजलेल्या अभियंत्यांपैकी एक होता. अध्यक्ष म्हणून तो पहिल्याच भाषणात जे बोलला ते आजच्या प्रत्येक कार्यकारिणीनं वाचावं असं आहे. आशय असा: परदेशात अशा संस्था सरकार काढतं आणि सरकारच चालवतं, आपल्याकडे तसं नाही, म्हणून संस्थेचं अस्तित्वच प्रत्येक सभासदाच्या वागण्यावर आणि कष्टांवर अवलंबून आहे. वर्गणी भरली की मिळेल, असं त्यानं काहीच कबूल केलं नव्हतं. १८३४मध्ये मृत्यू येईपर्यंत तो अध्यक्षपदी राहिला.

१८२८मध्ये संस्थेला शाही सनद मिळाली. सनद म्हणजे संस्थेला कायद्याच्या दृष्टीनं स्वतंत्र अस्तित्व. मालमत्ता तिच्या नावावर, कोर्टकचेरी तिच्या नावानं. तिथून संस्थेचं एक पाऊल सार्वजनिक हितात पडलं. सभासदांची खरी सोय झाली ती मात्र छापखान्यामुळे. कामं दूरदूरच्या जागी चाललेली असताना लंडनच्या सभेला येणार कोण? १८३७पासून सभांची इतिवृत्तं, निबंध आणि त्यांवरची चर्चा छापून निघू लागली. आज पत्रिका मिळाली नाही म्हणून तणतणणारा सभासद या परंपरेचाच वारस आहे. तिची मजा अशी की निबंधापेक्षा पुष्कळदा त्याखालची उलटतपासणीच वाचनीय असते.

हिशेबनिसांची कथा वेगळी आहे आणि जरा कमी निरागस. १८५३च्या जानेवारीत एडिनबरोच्या अलेक्झांडर वियर रॉबर्टसन यांनी शहरातल्या काही व्यावसायिकांना पत्र धाडून बैठकीला बोलावलं. दिवाळखोरीच्या कायद्यात बदल होऊ घातले होते, आणि दिवाळखोरांच्या मालमत्तेचं काम हातचं जाईल ही भीती खरी होती. पोटापाण्याचा प्रश्न आला की एकी लवकर होते. १८५४मध्ये त्यांना शाही सनद मिळाली आणि ‘चार्टर्ड अकाउंटंट’ ही उपाधी जन्माला आली. नावापुढच्या अक्षरांना बाजारात किंमत असते, हे या मंडळींनी नेमकं ओळखलं.

अक्षरांना किंमत आली की ती कुणाला द्यायची, हा झगडा आलाच. वाटेल त्याला देऊन चालेना, म्हणून परीक्षा आल्या. इंग्लंडच्या लॉ सोसायटीनं सॉलिसिटरांची परीक्षा १८३६मध्येच सुरू केली होती. पण परीक्षेच्या दाराशी पहारेकरीही असतात. मेरी हॅरिस स्मिथ लंडनमध्ये स्वतःच्या नावानं हिशेबनिसाचा व्यवसाय करत होत्या. इंग्लंड-वेल्सच्या चार्टर्ड अकाउंटंट संस्थेनं त्यांचा अर्ज त्या केवळ स्त्री आहेत म्हणून फेटाळला. १९१९च्या कायद्यानं ही आडकाठी काढली आणि १९२०मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, त्या सभासद झाल्या. सभासदांच्या हिताच्या नावाखाली संस्था काय काय करू शकते, याचा हा नमुना.

हिशेबनिसांच्या बाबतीत भारतानं सनदेची वाट न धरता कायद्याची धरली. सनदी लेखापालांची संस्था १ जुलै १९४९ला संसदीय कायद्यानं अस्तित्वात आली. तिच्या केंद्रीय परिषदेत निवडून आलेल्या सभासदांबरोबर सरकारनियुक्त सदस्यही बसतात, म्हणजे टेलफर्डनं सरकारची आणि सभासदांची अशा ज्या दोन वाटा वेगळ्या सांगितल्या त्या इथे एकाच टेबलाशी येतात. अमेरिकेत हिशेबातल्या घोटाळ्यामुळे एन्रॉन ही बडी ऊर्जा कंपनी कोसळल्यावर २००२च्या कायद्यानं शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या ऑडिटवरची देखरेख व्यवसायाच्या हातून काढून वेगळ्या मंडळाकडे दिली. भारतातही २०१८मध्ये मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटसाठी राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आलं. आपल्याच माणसांचा न्याय आपणच करायचा, यावरचा लोकांचा विश्वास उडत चालला होता.

देखरेख आणि सभासदसेवा यांची ही फाळणी सर्वांत स्वच्छ दिसते ती ब्रिटनच्या औषधनिर्मात्यांच्या, म्हणजे फार्मासिस्टांच्या, बाबतीत. १८४१मध्ये लंडनच्या एका खानावळीत भरलेल्या सभेतून त्यांची संस्था निघाली, पुढे व्यवसाय करणाऱ्यांची नोंदवहीही तिच्याच ताब्यात आली. कित्येक दशकं नोंदणी, शिस्तपालन आणि सभासदसेवा एकाच संस्थेत राहिली. सप्टेंबर २०१०मध्ये ती तोडली. नोंदवही आणि शिस्तपालन नव्या जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलकडे गेलं. रॉयल फार्मास्युटिकल सोसायटी उरली फक्त सभासदांसाठी. औषधनिर्मात्यापुढे आता शुल्काची दोन पत्रं. कौन्सिलचं भरलं नाही तर काम करता येत नाही. सोसायटीचं भरलं नाही तर दुसऱ्या दिवशीही तो दुकानात उभा राहू शकतो. तेव्हापासून तिथल्या कार्यालयात “मिळतं काय” हा प्रश्न आला की यादी वाचून भागत नाही; फोन ठेवणारा खरोखरच निघून जाऊ शकतो.